हिरकणीच्या खोपटाची कडी

काटेवाडी,
सोमवार, ८ फेब्रुवारी १९३७

प्रिय मुक्ता,

हे पत्र माफीचं नाही. आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत तू माफी शोधत बसणार नाहीस. तुमच्या शेजारच्या आमच्या छबूआत्याचा निरोप आलाय की तुझ्या वडिलांच्या, आप्पासाहेबांच्या, दारात येऊन नाक घास, म्हणजे प्रकरण मिटेल. मी नाक घासणार नाही. त्याच निरोपात तिनं हेही कळवलंय की मोहनरावांच्या घरून तुला होकार आलाय आणि पंधरवड्यात सुपारी फुटणार. फुटेल तेव्हा फुटेल. तोवर मी तुला लिहिणार, आणि आत्याला वाचता येत नाही म्हणून तिच्याच हाती देणार.

माझ्याबद्दल तुमच्या सणसरात काय काय बोलतात ते मला कळतं. रावजीचं पोर पुण्याला कॉलेजात गेलं नि कुत्र्यापायी शिक्षण सोडून आलं. बरं, खोटं काय आहे त्यात? टिक्या मला बोर्डिंगच्या मागे उकिरड्यावर सापडला, मुठीएवढा, कपाळावर पांढरा ठिपका. तीन महिने मी त्याला पलंगाखाली ट्रंकेत ठेवला. भुंकायचं नाही हे तो माझ्याआधी शिकला. एक दिवस बोर्डिंगच्या साहेबांच्या पाहणीत ट्रंक शिंकली. साहेब म्हणाले, कुत्रं राहील नाहीतर तू. मी म्हणालो, दोघंही राहत नाही, आणि दौंडच्या गाडीत बसलो. बारामतीला उतरलो तेव्हा आबा स्टेशनवर गाडी जुंपून उभे होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. टिक्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ह्यो तरी पास झाला का?"

पण साहेबांनी घालवलं नसतं तरी मी आलोच असतो. त्याच आठवड्यात आत्यानं लिहवून घेतलेलं कार्ड आलं होतं की मोहनराव तुला बघायला येणार आहेत, आणि मी तर तुला आत्याच्या कुंपणापलीकडे नुसतं बघितलेलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. कुत्र्याचं नाव पुढं केलं, ते टिक्यानं मुकाट सोसलं. मोहनरावांची बोलणी मग दोन वर्षं लांबली, ते वेगळं.

तुला आठवतं का, आपलं पहिलं धड बोलणंसुद्धा भांडणच होतं? मी वांग्याची गाडी घेऊन इंदापूरच्या बाजाराला निघायचो, वाटेत आत्याकडे बैलांना पाणी दाखवायचो, आणि तू कुंपणापलीकडे हिरकणीला फणी करत असायचीस. शिकारी कुत्र्यांत कारवानी जात म्हणजे काय, हे तू मला शाळामास्तरासारखं शिकवलंस. लांबट तोंड, खोल छाती, पोट असं आत गेलेलं की दोन मुठींत कंबर मावावी, आणि ससा उठला की तिचे चारही पाय जमिनीला लागतच नाहीत. मग टिक्याकडे बघून म्हणालीस, हे काय आणलंय, ह्याचे कान तर एकमेकांशी बोलत नाहीत. मी म्हणालो, बोलत नसतील, पण ऐकतात सगळं. तुमच्या हिरकणीला सशापुढं धन्याची हाक ऐकू येते का? तू हसली नाहीस. पण पुढच्या रविवारी कुंपणातून भाकरीचा तुकडा टिक्यापुढं पडला. चांगला तूप लावलेला. त्यानंतर तो आत्याच्या दाराशी गाडीतून उतरायचा तो परत चढायलाच तयार नसायचा. म्हणून मी त्याला तिथंच अंगणात बांधून पुढं जाऊ लागलो.

आता शनिवारचं. तू माडीवर होतीस, तुला वरून माणसांची डोकी दिसली असतील, तोंडं नाही. म्हणून सांगतो.

मोहनराव रीतीनं आले होते. नारळ, पायलीभर बाजरीचं पीठ, गुळाची ढेप. आपल्याकडे पिल्लू कुणी विकत नाही. पिल्लांचे डोळे उघडले की नराचा धनी बाळंतिणीला पीठ-गूळ घेऊन येतो आणि पहिलं पिल्लू निवडतो. दिवाळीनंतर त्यांचाच कारवानी नर गाडीत घालून आणला होता, तेव्हा हिरकणीची सहाही पिल्लं त्याचीच असं आप्पासाहेबांनी गावभर सांगितलेलं. गेणबानं टोपली उन्हात आणून ठेवली. वीस वर्षं त्या माणसानं तुमच्या घरची कुत्री सांभाळली, पण ह्या वेळी टोपलीवरचं फडकं तो स्वतः काढेना. त्याला अगोदरच दिसलं होतं. पाच पिल्लं सडसडीत, आणि सहावं गुबगुबीत, वळलेल्या शेपटीचं, कपाळावर पांढरा ठिपका.

मोहनरावांनी ते उचलून धरलं नि म्हणाले, "आप्पासाहेब, ह्ये काय आमचं न्हाय. ह्याच्या शेपटीला तर टोपी अडकवता येतीय." सगळी बैठक हसली. आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांनी गेणबाला पुढं बोलावलं आणि विचारलं, हिरकणीला कोंडायचे दिवस होते, खोपटाची कडी कुणी उघडी ठेवली? गेणबा म्हणाला, "म्हातारा झालोय मालक, ऱ्हायली आसंल माझ्याकडनं." राहिली नव्हती हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी म्हणाला. आप्पासाहेबांनी त्याला तिथल्या तिथं सांगितलं, महिनाअखेर कुत्र्यांचं सोड आणि आपल्या गावी जा. तो हिरकणीकडे बघत राहिला. मालकाकडे नाही.

मी आत्याच्या अंगणात होतो. माझ्या डोक्यात काय झालं ते तुला नव्यानं सांगायला नको. कुंपणावरून उडी टाकली आणि म्हणालो, "कडी मी काढली. गेणबाला काय बोलू नका. आन् त्ये पिल्लू माझ्या टिक्याचं हाय, त्यावर माझा हक्क हाय."

आप्पासाहेब म्हणाले, हक्क मागणारा मोकळ्या हातानं येतो का? तेव्हा मोहनरावांनी काय केलं ठाऊक आहे? हसत आपलाच नारळ माझ्यापुढं धरला. त्या माणसाचा मला राग येतो तो एवढ्यासाठीच, की तो वाईट नाही. त्याचा नारळ मी घेतला नाही. आत्याच्या घरात शिरलो, समोर देव्हाऱ्यातला कलशावरचा नारळ दिसला, तोच उचलला, पीठ-गुळाचे डबे काखेत मारले आणि परत आलो. आत्या अजून देवाला काय सांगावं ह्या विचारात आहे. मलाही वाटतं ते चुकलंच, पण नारळ चुकला, मागणं चुकलं नाही.

रीतीपुढं आप्पासाहेबांना नाही म्हणता येईना. पीठ-गूळ हिरकणीपुढं ठेवू दिला. पण म्हणाले, पिल्लू आत्ताच्या आत्ता ने, आणि पुन्हा ह्या फाटकात पाय टाकायचा नाही. परक्याच्या घराची कडी काढणाऱ्याला माझ्या उंबऱ्याशी जागा नाही. पंधरा दिवसांचं पिल्लू मी सदऱ्यात घालून दोन कोस चालत आणलं. शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवून पाजतोय. मी कसला, आबाच पाजतात. मला म्हणतात, तुला जमत नाही, तू दुधातसुद्धा घाई करतोस. आईनं त्याचं नाव आगाऊ ठेवलंय, आणि त्या नावानं हाक मारली की मीच वळून बघतो.

गेणबाची चाकरी राहिली, हे आत्यानं कळवलं. तेवढं साधलं.

आता जे लिहायला ही शाई आणली ते लिहितो. कडी मी काढली नाही. हिरकणीला कोंडलेलं असतानाचा तो रविवार मी अख्खा इंदापूरच्या बाजारात होतो. वांगी खपेनात म्हणून दिवस कलेपर्यंत तिथंच बसलो होतो. परतताना आत्याकडे आलो तर टिक्या जिथल्या तिथं बांधलेला, पण गाठ माझी नव्हती. मी साधी एका वेढ्याची गाठ मारतो. ती गाठ दोन वेढ्यांची होती, शेंड्याला फास देऊन घातलेली. तशी गाठ हिरकणीच्या दोरीला तू घालतेस. आत्याला विचारलं नाही, तुला विचारलं नाही. अडीच महिने मनात ठेवलं. शनिवारी कुंपणावरून उडी मारली ती गेणबासाठी हे खरं, पण आप्पासाहेबांचा पुढचा प्रश्न माडीकडे वळला असता, हेही मला दिसत होतं.

येत्या गुरुवारी सकाळी मी आबांना घेऊन तुमच्याकडे येतोय. तुला मागायला. पुढच्या फाटकानं, गाडीला झूल घालून, सगळ्या सणसरासमोर. आबा तयार आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, पोरीला इचारलंस का? विचारलं नव्हतं, मुक्ता. दोन वर्षं कुत्र्यांवरच बोललो. म्हणून हे पत्र. आप्पासाहेब फाटकातच अडवतील आणि म्हणतील, कडी काढणाऱ्या चोराला मुलगी कशी द्यायची? तिथं मी गप्प राहणार. मी खरं सांगितलं तर ते तुझ्यावर येईल, आणि तुझ्याकडे बोट दाखवून मला तू नको. टिक्याची गाठ तू नुसती दोन मुक्या जिवांची दया येऊन सोडली असशील, तर आत बसून राहा. आम्ही गाडी वळवू, आणि कडी मीच काढली असं मी मरेपर्यंत सांगत राहीन, मोहनरावांनासुद्धा. पण त्याहून काही दुसरं मनात असेल, तर माडी उतरून फाटकाशी ये आणि तुझ्या तोंडानं सांग. कुणापुढंही मान खाली घालून नाही. मी तिथं उभा असेन.

तुझाच,
रामहरी