दहशतवाद्याची नम्र विनंती

सोमवार, ३ मार्च
ठरलं. आजपासून मी सायबर दहशतवादी. पाणीपुरवठा ऑफिसात जन्मभर कॉम्प्युटर सांभाळले, आणि निरोप समारंभात साहेबांनी मला पुष्पगुच्छ दिला तो दुसऱ्याच कुणाच्या नावाने. आता शहर चळाचळा कापेल. टोपणनाव : वादळ. हिला सांगितलेलं नाही. म्हणेल, आधी गॅलरीतला दिवा बदला.

बुधवार, ५ मार्च
टीव्हीवर मानसशास्त्राचे एक डॉक्टर. म्हणे, असे हल्लेखोर आतून दुखावलेले असतात, कुणीतरी आपली दखल घ्यावी एवढंच त्यांना हवं असतं. काहीतरीच. मला त्या पुष्पगुच्छाचं अजिबात वाईट वाटलेलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च
धमकीचा ईमेल पाठवला. सवयीने सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी झाली आणि शेवट 'तरी कृपया घाबरावे, ही नम्र विनंती' असा. मधला मजकूर जहाल आहे.

सोमवार, १० मार्च
उत्तर : 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवला आहे.' टरकलेत. वेळ काढताहेत.

गुरुवार, १३ मार्च, सकाळ
जुना पासवर्ड अजून चालतो. मी गेल्याचं कॉम्प्युटरलासुद्धा कुणी कळवलेलं नाही. पंप बंद केले.

दुपार
नळ कोरडे. शेजारीण जिन्यात म्हणाली, पुन्हा बिघाड वाटतं. ही म्हणाली, बादल्या भरून ठेवा म्हटलं होतं ना. दहशत आत कुठेतरी असणारच.

शनिवार, १५ मार्च
ऑफिसने पंपचालकाची चूक ठरवली. त्याला कामावरून काढलं. हे योजनेत नव्हतं. ऑफिसात मला रोज जेवायला हाक मारणारा तेवढा एकच. मुलगी कॉलेजात आहे त्याची. परवा जाऊन कबूल करणार. वादळ कुणाच्या आड लपत नाही.

सोमवार, १७ मार्च
कबूल केलं. पुरावा दाखवायला बसलो, तर सर्व्हर बंद. ईमेल कुणी उघडलाच नव्हता; ते उत्तर आपोआप गेलेलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, घरून कुणाला बोलावू का?" शिपायाने हात धरून गेटपर्यंत सोडलं.

मंगळवार, १८ मार्च
पंपचालक घरी आला. त्यालाही सांगितलं, मीच केलं. त्याचे डोळे भरून आले.

"ऑफिसातही तुम्ही हेच सांगितलंत म्हणे," तो म्हणाला. "माझ्यासाठी एवढं खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं, दादा."

तो गेल्यावर ही माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी उठून गॅलरीतला दिवा बदलला.