आमसुलाची तपेली

भोर, १ नोव्हेंबर १९४३

सकाळपासून तीनदा ओकले! अनारसे नडले, दुसरं काय — काल भाऊबीजेचे सात खाल्ले, लाज नाही मला. सासूबाई न्हाणीच्या दारात येऊन उभ्या. म्हटलं, आता तोंड सुटणार. तर पाठीवरून हात फिरवला! लग्नाला नऊ वर्षं झाली, हा पहिला हात. "दिवस वर गेलेत ना गं तुझे?" आठ दिवस गेले होते. मी मान हलवली.

३ नोव्हेंबर

विंझरच्या मुलीची पत्रिका परत!! ह्यांच्या दुसऱ्या लग्नासाठी आषाढात आलेली. देवघराच्या कोनाड्यात असायची, आणि तिच्यासमोर रोज दिवा लावणारी मीच. आज सासूबाईंनी ती ह्यांच्या हातात दिली — "टपालात टाकून दे, आमच्या सुलूला दिवस आहेत म्हणून कळव." आमच्या सुलूला! मी आत जाऊन रडले. हे जेवताना दोनदा माझ्याकडे बघून हसले.

६ नोव्हेंबर

अनारसे कधीच जिरले, उलट्या चालूच. सासूबाईंचं औषध — आमसुलाचं पाणी. माझ्या एकटीसाठी पितळी तपेली काढलीय. सकाळी भिजत घालतात, दिवसभर घोट घोट घ्यायचं. जितकं पिते तितकं ओकते, आणि जितकी ओकते तितक्या त्या खूष! तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं लागतं.

८ नोव्हेंबर

आज बाहेर बसायला हवं होतं. बसले नाही.

९ नोव्हेंबर

देवाला शिवले. स्वयंपाक केला. सोवळ्यातल्या सासूबाईंना वाढलं! हे मी केलं? मी?

धोंडाबाईला कळलंच — उत्रोलीहून धुण्याभांड्याला येते ती. बघत राहिली. मग हळूच, "वयनी, म्या काय बी बघितलं न्हाई. पर मग तुमी इतकं हिरवं कशापायी ओकताय?"

मला काय माहीत!

१२ नोव्हेंबर

उभं राहवेना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. सासूबाई बाहेर ओटीवर बसल्या. तपेली फडक्यात बांधून बरोबर आणलेली — औषध चुकायला नको! डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरली, आतून नख फिरवलं. "कल्हई कुठाय हिची?" म्हटलं, लढाईमुळे कथील मिळत नाही, वर्षभर कल्हईवाला फिरकलेला नाही. "अहो बाई, आंबट पितळेत राहिलं की तांबं उतरतं त्यात! विष आहे हे. उलटीवरचं औषध म्हणून उलटीचं कारणच पिताय तुम्ही!"

मग पाळीचं विचारलं. त्यांना तरी खरं सांगितलं.

म्हणाले, साळीच्या लाह्यांचं पाणी, मीठसाखर घालून, चमचा चमचा. तपेलीला हात लावायचा नाही. दोन दिवसांत बऱ्या व्हाल. "सासूबाईंना मी समजावू का?" — "नको!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की सासूबाईंनी बाहेरून विचारलं, काय झालं गं?

१५ नोव्हेंबर

बरी झाले. सासूबाई भिजवतात ते आमसुलाचं पाणी गुपचूप मोरीत ओतते. तीन दिवसांत एक उलटी नाही. पिठलं-भात गोड लागतो, आणि खाताना धडकी भरते.

सासूबाई सकाळी, "आजही नाही?" दुपारी पुन्हा, "अजून नाही?" मग ह्यांना हाक मारली. मी दाराआड. "काय रे, विंझरची पत्रिका टपालात टाकलीस का?"

"नाही. आहे खिशात."

"मग राहू दे जरा."

"बरं," म्हणाले.

बारा दिवस खिशात! माझ्याकडे बघून हसले तेव्हाही खिशातच!

१६ नोव्हेंबर

कल्हईवाला आला — वर्षानं! सासूबाईंनी घरातलं सगळं पितळ ओसरीवर काढलंय. एक भांडं कमी भरतंय म्हणून शोधतायत.

सापडणार नाही. ती तपेली माडीवर माझ्या ट्रंकेमागे आहे. आमसुलं सकाळीच भिजत घातली.