म्हशाच्या जत्रेतली घोंगडी

आये, तू म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली घोंगडी माझ्याकडे आहे. तू ती कधी अंगावर घेतली नाहीस आणि कुणाला दिलीही नाहीस. तू गेल्यावर मी ती इकडे आणली. आज तिच्यावरच बसून लिहितेय, कारण प्रयोगशाळेतून आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

माझं काम काय, हे तू एकदा विचारलं होतंस. "बुडबुडे बनवते," म्हणून मी वेळ मारून नेली. "येवढा शिकून बुडबुडे?" म्हणत तू हसलीस. खरं तर तेच करते. पेशीला असतं तसलं स्निग्ध आवरण बनवायचं, बाहेर आम्ल ठेवायचं आणि त्यातले प्रोटॉन आत किती शिरतात ते बघायचं. नुसत्या आवरणातून ते फारसे जात नाहीत. चिमूटभर मेदाम्ल मिसळलं, म्हणजे चरबी फुटल्यावर सुटतं ते, की गळती सुरू. ते बाहेर एक प्रोटॉन उचलतं, कोलांटी मारून आत जातं, तिथे टाकतं आणि रिकामं परत येतं, मोळ्या विकून घरी परतणाऱ्या बायकांसारखं. आज एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, ही गळती कुणाच्या उपयोगाची?" मी सांगू लागले. तान्हं बाळ थंडीत आपल्यासारखं कुडकुडत नाही. त्याच्या पाठीत एक वेगळी चरबी असते, ती फुटते, तिची मेदाम्लं पेशीच्या आतल्या आवरणातून प्रोटॉन झिरपू देतात आणि त्या गळतीचीच ऊब होते. चरबी संपली की ऊब संपली. पोटात दूध गेलं नाही, तर ती लवकर संपते. हे मला कितीतरी वर्षं पाठ होतं. पण तोंडाने सांगताना मी मध्येच थांबले आणि प्रयोगशाळेबाहेर आले.

मी लहान होते तेव्हा, त्या पौषात तू जत्रेहून ही घोंगडी घेऊन आलीस आणि दिवस भरायच्या आधीच तुला कळा सुरू झाल्या. पाड्याची सुईण म्हणजे आपली आजीच. भाऊ एवढासा, त्याचं रडणंही धड ऐकू येत नाही. "पयला चीक नाय पाजायचा, पोराला बाधतो. पिळून टाक," आजी सांगते. तू भिंतीकडे तोंड करून वाटीत पिळतेस. भावाला गुळाच्या पाण्याचं बोट. त्याच आठवड्यात गोठ्यात म्हैस व्याली होती. पारडू चीक प्यायल्याशिवाय बाबा धारेला बसत नाहीत, आणि उरलेल्याचा आजी खरवस करते. मी तो दोनदा मागून खाल्ला. आत भाऊ नव्या घोंगडीत गुंडाळलेला. "हात लाव गो, पाय थंड कसं याचं?" तू मला विचारतेस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

"जत्रंला गेली नि वारा घेऊन आली. सांगितला व्हता तुला," आजी म्हणाली, आणि तू ते जन्मभर मानलंस. दरवर्षी जत्रेची माणसं रस्त्याने निघाली की तू घरात जायचीस. "माजाच चुकला गो," एवढंच म्हणायचीस. मला तेव्हा तुझा राग यायचा.

जत्रेच्या वाऱ्याने तो गेला नाही, हे तुला सांगावं म्हणून लिहायला बसले. तुझी घोंगडी चांगली होती, आये. पण घोंगडी ऊब धरून ठेवते, ऊब करत नाही. ती त्याच्या आतूनच यायला हवी होती. पण मग तू विचारशील, "मंग कशानं गेला?" आणि मला त्या वाटीपाशी यावं लागेल. तो जगलाच असता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, फार लवकर आला होता तो. मग जत्रेचा दोष काढून घेऊन तुझ्या हातात ती वाटी देऊ?

आज तू असतीस, तर मी सुटीत घरी आले असते, तुझ्याजवळ चुलीशी बसले असते. आणि तू पुन्हा विचारलं असतंस की काय करतेस गो तिकडं, तर मी पुन्हा म्हणाले असते, बुडबुडे बनवते.