शनिवारची पिशवी

देवळाली प्रवरा,
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

प्रिय सिल्व्हिया हिस,

थोरल्या जावेचा सप्रेम सलाम. आम्ही सगळे प्रभूच्या कृपेने बरे आहोत. आत्याबाईंचा गुडघा थंडीने धरला आहे. निकिताला शाळेत धावण्यात दुसरा नंबर मिळाला. तुला आता पाचवा लागला असेल. पाय सुजतात का, ते कळव.

फोन असताना ही बाई कागद का खरडते, म्हणून हसशील. पण तुझा फोन आला की आत्याबाई स्पीकर लावायला सांगतात, आणि मला सांगायचं आहे ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही.

पिशवीत तू भाजी शोधली असशील. आज भाजी नाही. बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी आहे. कारण सांगते, पण आधी एक कर. गेल्या शनिवारची वांगी, घेवडा फ्रिजमध्ये उरला असेल तर टाकून दे. कामवालीला देऊ नकोस, गायीपुढेही टाकू नकोस.

तुला दिवस गेल्याचं कळलं त्या रविवारी आत्याबाईंनी देवळात उपासनेच्या वेळी उभं राहून धाकट्या सुनेच्या, तुझ्या नावाने आभार मानले. माझ्या निकिताच्या वेळी कोणी उभं राहिलं नव्हतं. सातव्या महिन्यात मी टिपाडात फवारणीचं औषध कालवत होते. काठी तोकडी पडली तेव्हा कोपरापर्यंत हात घातला. मार्था, तू बाजूला हो, असं म्हणायचं कोणाला सुचलं नाही. आणि तुझ्यासाठी मात्र दर शनिवारी कोवळी भाजी निवडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, नगरच्या गाडीत द्यायची. तुझं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, सिल्व्हिया. तुझी नोकरी, तुझा फ्लॅट, अँड्र्यू भाऊजी तुला चहा करून देतात ते, सगळं मी गिळलं. ते ओलं फडकं मात्र गिळता आलं नाही.

आपल्याकडे घरी खायचा वाफा वेगळा, हौदाजवळ. त्यावर फवारत नाहीत. बाजाराची भाजी पलीकडच्या अर्ध्या एकरात, तिथे दर गुरुवारी फवारणी. नाताळच्या आधी आत्याबाईंचा गुडघा धरला आणि पिशवी भरायचं काम माझ्याकडे आलं. वाफ्यातली वांगी किडकी, वेडीवाकडी होती, म्हणून मी पलीकडची तोडली. निदान स्वतःला तरी मी तसं सांगत होते. तू फोनवर म्हणालीस, ताई, वांगी किती चकचकीत आहेत. ते ऐकून मला बरं वाटलं.

काल कृषी कॉलेजातली धनश्री नावाची मुलगी आली होती. आधी असे बरेच जण येऊन गेले. हातमोजे वाटायचे, फोटो काढायचे, जायचे. ते मोजे आपल्या गोठ्यात खुंटीला आहेत. हिने काहीच वाटलं नाही. म्हणाली, तुम्ही रोज करता तसंच करा, मी नुसती बघते. आत्याबाई तिला कौतुकाने सांगत होत्या, "घरी खायाचं आमी येगळं लावतो. त्याला औशिदाचा थेंब लागत न्हाई."

ह्यांनी फवारणी उरकली, हौदाच्या नळावर पंप विसळला, आणि ते पाणी नेहमीसारखं चारीने वाहत घरच्या वाफ्यात गेलं. धनश्रीने विचारलं, इथेच का धुता? हे म्हणाले, "नळ हितंच हाय. अन् पानी वाया कशाला घालवायचं?"

दहा वर्षं पंप तिथेच धुतात. फवारणीचे कपडेही मी तिथेच धुते. निकिता जेवायला लागल्यापासून त्याच वाफ्यातलं खाते.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायला जड जातं. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, घरचं पाठवलं असतं तरी हेच झालं असतं, आता माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. माझ्याच लेकराच्या ताटात काय जातंय हे समोर दिसत होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

मग धनश्रीने औषधाचा डबा हातात घेऊन विचारलं, यावर लिहिलेलं घरात कोणी वाचतं का? आत्याबाई म्हणाल्या, "मार्था वाचती की. धावी पास हाय ती."

हो, मीच वाचते. किती मिली, किती पाणी, ते ह्यांना मीच सांगते. फवारल्यावर सात दिवस तोडायचं नाही, हेही मी वाचलेलं होतं, पहिली पिशवी भरण्याच्या आधी. मला कळत नव्हतं असं नाही. गुरुवारी फवारलेलं मी शनिवारी तोडत होते आणि ओल्या फडक्यात नीट गुंडाळत होते. असे सात शनिवार झाले. 'तुझं वाईट व्हावं असं मनात नव्हतं' असं वर लिहिलं होतं, ते खोडलं. इतकं चांगलं तुला मिळू नये, एवढं माझ्या मनात नक्की होतं.

तुझं नाव न घेता मी धनश्रीला विचारलं. ती म्हणाली, काय होईल ते अंदाजाने सांगता येत नाही, डॉक्टरांना सगळं खरं सांगा. म्हणून कागदाच्या मागे औषधाचं नाव डब्यावरून उतरवलं आहे, आणि फवारल्याच्या, तोडल्याच्या तारखा. तारखा आठवाव्या लागल्या नाहीत. हा कागद आजच डॉक्टरांना दाखव, अँड्र्यू भाऊजींनाही दाखव. लाज माझी आहे, तू ती झाकू नकोस. पिशवी गाडीत गेली की मी आत्याबाईंना सांगणार आहे. आधी सांगितलं तर त्या हे पत्र फाडतील.

वाफ्याकडे जाणारी चारी मी आज सकाळी बुजवली. सोमवारी निकिताला दवाखान्यात नेते.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तशी तू आहेस, आणि त्याचाही मला हेवा वाटेल. पण कालपासून एक करते. गोठ्यात कोणी नसलं की उभी राहते आणि तुझ्या नावाने, तुझ्या बाळासाठी प्रभूकडे मागते.

पिशवी भरणारी,
मार्था