चोचीत शेव

शेटलंड बेटे, स्कॉटलंड, रविवार संध्याकाळ

आज लिहायला फार उशीर झाला, माफ कर. खिडकीजवळून हलवतच नव्हतं. तो स्नो बंटिंग, चिमणीएवढा पांढरा पक्षी, आजही आला नाही. परवा कठड्यावर त्याला मीच चिवडा घातला. दारी पाहुणा आला की दुसरं काय देणार? चोचीत शेव धरलेला फोटो इतका छान आला की लेकीला कौतुकाने दाखवला. ती म्हणाली, "अहो बाबा, एवढासा जीव मिठाने मरतो. आणि तुम्ही फोटो काढत बसलात." मग म्हणाली, दक्षिणेला गेला असेल. मला बरं वाटावं म्हणूनच ना? फोटोत शेव स्पष्ट दिसते. पुसून टाकावासा वाटतो, पण तेवढाच उरला आहे. शेजारच्या जॉनला सांगून आलो, कुठे दिसला तर लगेच कळव. मेलेला दिसला तरी कळव.