प्रश्न विचारण्याचा मान

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

रविवारचं आज लिहितोय, उशिराची माफी. वही उघडायची इच्छाच होत नव्हती.

आमच्या लूथरन ख्रिस्ती मंडळीत उपासनेच्या सुरुवातीला दहा आज्ञा होतात. पुढे उभा राहणारा एकेक आज्ञा म्हणतो आणि विचारतो, "याचा अर्थ काय?" बाकांवरचे सगळे मिळून उत्तर देतात. इतकी वर्षं विचारणारा मी. या रविवारी पाळकसाहेबांनी सॅमसनला उभं केलं. उरणच्या बंदरात कामाला आहे, आत्ता कुठे मंडळीत आलाय. आवाज खणखणीत आहे म्हणे त्याचा. असेल. म्हणून मला बसवायचं?

मी बाकावर बसलो. नववी आज्ञा आली, शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको. "याचा अर्थ काय?" सगळे बोलले, माझं तोंड उघडेना. उत्तर येतच नव्हतं. लहानपणी पाठ केलेलं कधी पुसलं गेलं कोण जाणे. नंतर मी नुसता विचारतच आलो. सॅमसनने पाहिलं का? पाहिलंच असेल. त्या खणखणीत आवाजात पुढची आज्ञाही म्हणाला.

घरी रूथ म्हणाली, "अहो, तारण देवाच्या कृपेनेच होतं, कर्मांनी नाही, असं तुम्हीच सांगता ना? मग पुढे उभं राहायला कशाला हवं?" मी जेवलो नाही. तिला काय कळतं? का तिलाच कळतं?

पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवतोय: येत्या रविवारी पुढे मी की तो, एवढं लवकर कळवा. तोच असेल तर मला उत्तरं पाठ करायला बसलं पाहिजे, आणि या वयात वेळ लागतो.