उलट्या हाताने चाचपणारा हिरो

गंगामाईचे नाव घेऊन लिहायला बसलो आहे, पुरे करून घेणे तिच्या हाती.

काशी, आपल्याच घाटावरून,
वसंत पंचमीनंतरचा मंगळवार

मुंबईनिवासी जावईबापू पुनवासी यांना सासरा जोखन साहनी याचा नमस्कार आणि आशीर्वाद. आमच्यात जावयापुढे वाकायचे असते म्हणून नमस्कार, आणि वयाने मी मोठा म्हणून आशीर्वाद. दोन्हींपैकी जे बरे वाटेल ते ठेवून घ्यावे. इकडे सर्व खुशाल आहे. खुशाल म्हणजे माझ्या उजव्या कानात अजून पाणी हलते, इमरतीच्या आईचा गुडघा थंडीने धरला आहे, नावेच्या बुडाला पुन्हा फट पडली आहे आणि माकडाने माझी लोकरीची टोपी समोरच्या देवळाच्या कळसावर नेऊन ठेवली आहे, ती इथून रोज दिसते पण मिळत नाही. बाकी खुशाल. आपली प्रकृती कशी आहे? छातीत दुखते का? कानात मोहरीचे तेल घालता की नाही? (खोबरेल घालू नये, ते थंडीत कानातच थिजते.) हे उगाच विचारत नाही. मी तुम्हाला पाहिले आहे. तुम्ही पाण्याखाली फार वेळ राहता.

फोन सोडून पत्र का, असे तुम्हाला वाटेल. एक तर तुमचा फोन लावला की एक बाई बोलते आणि तुम्ही आवाक्याबाहेर आहात असे सांगते, तिचा आवाज गोड आहे पण इमरतीला तो आवडत नाही. दुसरे, आमच्या घरात फोन चुलीजवळच्या कोनाड्यात असतो आणि चुलीजवळ इमरती असते. ती ऐकत नाही असे दाखवते, पण मी बोलायला लागलो की तव्यावरची पोळी करपते. म्हणून हे पत्र नावेत बसून लिहितो आहे. अक्षर हलले असेल तर तो लाटेचा दोष समजावा. शुद्धलेखनाचा दोष मात्र शाळेचा, कारण मी चौथी पास झालो आणि पाचवीच्या वर्षी पुराने शाळाच नेली.

आता मुद्द्याचे. दिवाळीनंतरच्या छठपूजेला म्हणून इमरती माहेरी आली ती परत जायचे नाव काढीना, हे तुम्ही जाणताच. तिचे म्हणणे असे, की माझा नवरा पिक्चरमध्ये काम करतो असे मी सगळ्यांना सांगते आणि आजवर एकाही पिक्चरमध्ये त्याचे नाकसुद्धा दिसलेले नाही. तो ओले कपडे घेऊन घरी येतो, जेवतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. उद्या कळायचे की हा कुठल्या हॉटेलात भांडी घासतो. मग तुमचा निरोप आला, की ‘पाताल का ताला’ नावाचा शंभर कोटींचा पिक्चर येतो आहे, अर्धा पाण्याखाली आहे, आणि पाण्याखाली हिरोच्या जागी तुम्ही आहात. त्यावर ती भर घाटावर म्हणाली, “दिसला तर पहिल्या गाडीने जाईन. नाही दिसला तर इथेच आईबरोबर फुलं विकीन.” माझी मुलगी असली तरी हट्टाने ती आईवर गेली आहे. (हे वाक्य आईला वाचता येत नाही म्हणून लिहिले.) तेव्हापासून माझी झोप गेली. पिक्चरवाल्यांनी नेमका तुमचा तुकडा कापला तर? पडद्यावर उंदराने भोक पाडले असेल आणि तुम्ही नेमके त्या भोकात आलात तर?

पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला अख्खा घाट निघाला. गमछ्यात लाई-चणे बांधलेले, बायकांनी पायाला आलता लावलेला, जणू वरातच. शेजारच्या घाटावरचा घुरहू चौधरीही आला. तो कशाला आला ते तुम्हाला सांगायला नको. त्याच्या मुलासाठी त्याने इमरतीला मागणी घातली होती आणि मी तुम्हाला पसंत केले, तेव्हापासून तो माझ्या घरचे काही बुडते का याची वाट पाहतो आहे. तो मुद्दाम माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला.

मध्यंतरापर्यंत पिक्चरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. परदेशातल्या एका गच्चीवर सूट घातलेली माणसे एकमेकांना धमक्या देत होती, मग मोटारसायकली उडाल्या, मग एक बाई थंडीत फार थोडे कपडे घालून नाचली आणि इमरतीची आई सबंध गाणेभर ‘न्युमोनिया होईल हिला’ असे पुटपुटत होती. घुरहू दर पाच मिनिटांनी मला कोपर मारायचा. “जोखन, तो दार उघडणारा का रे तुझा जावई? नाही? मग तो ट्रे घेऊन गेला तो असेल. पाठमोरा होता, पण ट्रे चांगला धरला होता हं.” मागच्या रांगेतली कॉलेजची मुले शिट्ट्या मारून थकली आणि मोबाइलवर खेळू लागली. मध्यंतरात निम्मे लोक उठून गेले. पानवाल्याकडे ऐकले, की याला गोष्टच नाही, सगळे पैसे बोटींवर घातले आणि लिहिणाऱ्याला चहावर भागवले. इमरती जागची हलली नाही. मी तिला कुल्फी आणून दिली, ती तिच्या हातातच वितळून गेली.

आणि मग, जावईबापू, हिरोने उडी मारली.

आता काय लिहू. मी लहानपणापासून गंगेत बुडी मारतो आहे. यात्रेकरूंनी टाकलेली नाणी काढली, नथी काढल्या, चष्मे काढले, एकदा कलकत्त्याच्या एका शेठची दातांची कवळी काढून दिली, ती त्याने तिथेच धुऊन तोंडात घातली आणि मला स्पष्ट शब्दांत आशीर्वाद दिला. बुडालेली माणसेही काढली, ते असो. पण सबंध आयुष्यात पाण्याच्या आत मी काहीही पाहिलेले नाही. आपली गंगा म्हणजे आत गेले की अंधार. डोळे उघडले तरी तेच आणि मिटले तरी तेच, शिवाय डोळ्यांत गाळ जातो, म्हणून आपण मिटूनच जातो. पाण्यातले माझे सगळे जग बोटांनी पाहिलेले. मला वाटायचे, पाण्याखाली सगळीकडे असेच असते.

तसे नसते. तिथे निळे असते. नुसते निळे नाही, आतून कोणी दिवा लावल्यासारखे निळे. वरून उजेड तिरपा खाली येत होता, देवळाच्या झरोक्यातून गाभाऱ्यात येतो तसा, आणि पार तळापर्यंत पोचत होता. तळाची वाळू सारवलेल्या अंगणासारखी. मासे हजारांनी चालले होते आणि सगळे एकदम वळत होते, कोणी धुतलेले लुगडे झटकावे तसे. त्यांची आपसांत टक्कर का होत नाही हे मला कळले नाही. मग एक कासव आले. म्हातारे होते. त्याने आमच्या सगळ्या रांगेकडे पाहिले आणि कसलीही घाई न करता निघून गेले. मी हात जोडले. घुरहू हसला नाही, कारण त्यानेही जोडले होते.

याच वेळी थोडा घोटाळा झाला. हिरो पाण्यात शिरला तसा मी श्वास रोखला. मुद्दाम नव्हे, पाण्यात गेले की रोखायचा ही छातीला लागलेली सवय. हिरोच्या पाठीवर नळकांडे आहे हे डोळ्यांना दिसत होते, छातीला कोण सांगणार? हिरो काही वर येईना. मी शेजारी पाहिले तर घुरहूचे गाल फुगलेले. पलीकडे आपल्या घाटावरचा बचाऊ, त्याच्या पलीकडे लल्लन, सगळी रांग गाल फुगवून बसलेली. आता मी आधी श्वास घेतला असता तर घुरहूने ते मरेपर्यंत विसरू दिले नसते, आणि त्याचेही तसेच. कानात ढोल वाजू लागले. शेवटी लल्लनने दम सोडला आणि मग सगळी रांग एकदम फुस्सकन फुटली. समोरच्या बाईच्या डोक्यावरचा पदर उडाला, बॅटरीवाला धावत आला आणि त्याने विचारले, की काका, इथे कोणाला दमा आहे का. लल्लन म्हणाला, सगळ्यांना. (घुरहू म्हणतो तो शेवटपर्यंत टिकला. खोटे आहे. नाकाने घेत होता, मी आवाज ऐकला.)

यानंतर खजिन्याची पेटी. एवढी मोठी पेटी, पितळी कड्यांची, उजेडात चमकते आहे, आंधळ्यालाही दिसेल अशी. आणि हिरो तिच्याकडे न पाहता खाली वाळूवर गेला, पालथा झाला आणि दोन्ही हात पंख्यासारखे फिरवून वाळू चाचपू लागला. पेटी उजवीकडे आणि हा चाचपतो डावीकडे. मागची मुले जागी झाली. “अरे चष्मा लाव, चष्मा,” “उजवीकडे बघ की रे, आंधळ्या,” “शंभर कोटीत एक टॉर्च नाही आली का?” सगळे थिएटर हसत होते. घुरहू हसता हसता पुढच्या खुर्चीवर आपटला.

मी हसलो नाही. मी हात पाहत होतो. तो हात तळव्याने चाचपत नव्हता. तो उलट्या हाताने, बोटांच्या पाठीने चाचपत होता. जावईबापू, गंगेच्या गाळात फुटलेल्या बांगड्या असतात, बाटल्यांच्या काचा, खिळे. तळवा कापला तर वल्हे कसे धरणार, म्हणून आपल्या घाटावर तळवा वर ठेवून बोटांच्या पाठीने शोधतात. सारवल्यासारख्या स्वच्छ वाळूवर, जिथे काचेचा कणसुद्धा नाही, तिथे उलट्या हाताने कोण शोधील? आणि एवढ्या उजेडात डोळे मिटून कोण शोधील? काचेच्या मागे मिटलेले डोळे तेवढे दिसले, नाक काही दिसले नाही. पण तो हात मी ओळखला. तुम्ही मुंबईला जाण्याआधी याच गाळात तो मीच शिकवलेला आहे.

पण मी ओळखून काय उपयोग? नाक दिसले पाहिजे असे ठरले होते. मी बोललो असतो तर घुरहू म्हणाला असता, सासऱ्याला खांबातही जावई दिसतो. शेवटी पेटी सापडली, तिच्यामुळे भांडणे झाली, आणि हिरोने ती पुन्हा समुद्रात सोडून दिली. यावर आपले सगळे लोक फार चिडले. हाती आलेली पेटी सोडतात का? बचाऊ बाहेर येऊन व्यवस्थापकाला विचारत होता, की ती नेमकी कुठे सोडली आहे. घुरहू मोठ्याने म्हणाला, “पिक्चर बुडाला आणि जावई तर आधीच बुडालेला.” इमरतीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. घरापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे झपाझप चालली. मला वाटले, झाले, उद्यापासून ही फुले विकायला बसणार.

घरी आल्यावर तिने माझ्या पुढ्यात निखाऱ्यावर भाजलेली लिट्टी ठेवली आणि विचारले, “बाबू, समुद्राच्या तळाशी काचा असतात का?”

मी म्हणालो, “आज तर दिसल्या नाहीत. स्वच्छ वाळू होती.”

“मग तो उलट्या हाताने का शोधत होता?”

मी लिट्टी गरम होती असे दाखवले. ती आधी हसली. एवढी हसली, की आईने आतून विचारले काय झाले. मग हसता हसता रडायला लागली आणि मग रागावली, हे सगळे एका लिट्टीच्या आत. म्हणाली, “पेटी समोर होती, बाबू. एवढा उजेड, आणि हा डोळे मिटून भलतीकडेच चाचपतोय. मुंबईच्या त्या खोलीत मी पण त्याच्या समोरच होते ना.”

मी सासरा, मी काय बोलणार. पण तुम्हाला कळवावे असे वाटले म्हणून कळवतो. पिक्चरबद्दल म्हणाल तर लोक काही म्हणोत, माझ्या मते तो फार मोठा पिक्चर आहे. गोष्ट नाही हे खरे, पण गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत, खालचे पाणी कधी पाहिले नव्हते. तुमच्या डायरेक्टरसाहेबांना माझा नमस्कार आणि त्या कासवालाही, भेटले तर.

आपला
जोखन

ता. क. इमरती पहिल्या गाडीने निघणार असे ठरले होते, पण आमच्यात मुलगी एकटी सासरी जात नाही, न्यायला यावे लागते, हे आपण जाणताच. खरमासाचा अशुभ महिना संपला आहे, मुहूर्त पुष्कळ आहेत. होळीच्या आत स्वतः या. भावाला पाठवू नका. येताना डोळे उघडे ठेवून या, हा पत्राचा खरा मजकूर आहे, बाकीचे तुम्ही नाही वाचले तरी चालेल.

ता. क. २. येताना तो पाण्यात घालायचा काचेचा चष्मा एक घेऊन या. गंगेत त्याचा उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. तरी एकदा घालून पाहीन म्हणतो. इतकी वर्षे मी डोळे मिटून गेलो, कोण जाणे, इथेही थोडे निळे असेल.

ता. क. ३. हे पत्र उशाखाली ठेवले होते ते इमरतीने वाचले. ती म्हणते, बाबूंनी सगळे वाढवून लिहिले आहे, मी रडले नव्हते, चुलीचा धूर होता, आणि त्याने यायची काही गरज नाही. हे सांगून ती आईला घेऊन तोच पिक्चर पुन्हा बघायला गेली आहे. जाता जाता दारातून म्हणाली, चष्मे दोन सांगा.